मालकांचा खोकला

पिंपरीच्या चाळीत राहायला आलो तेव्हा कामगारांच्या दवाखान्याचं कार्ड आमच्या यांच्या नावावर होतं, पण वापरलं ते मी. लेकरांच्या लसी, माझी बाळंतपणं, रक्तवाढीच्या गोळ्या. हे तिथं जायचे ते फक्त सिक टाकायला, आणि सिक म्हणजे गावाकडची पेरणी नाहीतर जत्रा. कंपनीतले सगळेच तसे. पोटात दुखतंय म्हणून सुट्टी लिहून घ्यायची आणि धडधाकट माणसानं एस्टी पकडायची. खरंच दुखलं की मात्र कामावर हजर!

त्या वर्षी दिवाळीपासून यांना खोकला लागला. ओतकामाच्या खात्यात धूळ असतेच, म्हणायचे. अंगातला सदरा ढगळ व्हायला लागला, तशी माझी झोप उडाली. दवाखान्याचं नाव काढलं की, "मला काय धाड भरलीय? उरलेली सिक जत्रंला लागंल."

मग मीच गेले आणि यांचा खोकला माझा म्हणून सांगितला. संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, सगळं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाठ तपासली आणि माझ्याकडं रोखून बघितलं.

"हा खोकला कुणाचा?"

"मालकांचा."

"मग छातीही त्यांचीच आणा."

घरी येऊन मी स्टोव्हच पेटवला नाही. दुसऱ्या सकाळी हे मुकाट निघाले. बायका-पोरांच्या रांगेत वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. शेजारी बसलेल्या बाईनं पोर मांडीवर घेऊन जागा केली, "सरकून बसा की, दाजी."

"किती दिवसांचा खोकला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"असंल आठ-दहा दिवसांचा."

"दिवाळीपासूनचा," मी म्हणाले. बाईंनी माझं उत्तर लिहून घेतलं.

छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी निघाला. "वेळेत आलात. औषध मधेच सोडलं नाही तर बरे होतील," बाई म्हणाल्या. मग रोजची इंजेक्शनं, मूठभर गोळ्या. औषध एक दिवसही चुकू दिलं नाही मी. हळूहळू अंग भरलं.

पुढच्या उन्हाळ्यात तपासणीला गेलो. बाईंनी सवयीनं मलाच विचारलं, "काय म्हणतोय पेशंट?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "खोकला गेला, बाई. पण जिना चढताना अजून दम लागतोय. आन् मला भ्या वाटतंय."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. यांनाही भय वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिथंच, सगळ्यांसमोर, मी यांचा हात धरला.