लाल शाई

नवऱ्याने मला दोनच गोष्टी दिल्या, मार आणि कॅमेरा. तो मेला तसा मार थांबला. तिपाईवरची ती पेटी मात्र मी सांगली-साताऱ्याच्या बाजारांतून खांद्यावर वाहिली. बाई फोटो काढते म्हणून लोक खिदळायचे, आणि स्वतःच्या बायकांना माझ्यापुढेच आणून बसवायचे.

पेटीत आधी कागदावर उलटा फोटो उतरतो, काळ्याचं पांढरं. त्याचाच पुन्हा फोटो काढला की माणूस सुलट. उलट्या कागदावर तोंडाला लाल शाई लावली, तर सुलट फोटोत तोंड गोरं येतं, वळसुद्धा जातात. ही युक्ती नवऱ्याने मला मारून, माझ्याच फोटोवर शिकवली. तोच फोटो नमुना म्हणून तिपाईला टांगलेला असे.

लढाईच्या दिवसांत सांगलीच्या हळदपेठेत एकजण भावजयीला घेऊन आला. धाकटा भाऊ पलटणीत होता, त्याने बायकोचा फोटो मागवला होता. दीर शेजारच्या अडत्याशी बोलत उभा राहिला. पोरीच्या गालावर काठीचा वळ, गळ्यावर बोटांचे काळे डाग. मी पदर ओढून गळा झाकला, तिने सारला. पुन्हा झाकला, पुन्हा सारला. मी वैतागले.

"अगं, नवरा बघंल की."

"बघू द्या," ती हळूच म्हणाली.

मुलखाची हट्टी, असं मला वाटलं. तरी माया आली म्हणून गालाला, गळ्याला शाई जरा जास्तच लावली. ओला फोटो बघून ती म्हणाली, "ही मी न्हाई." आणि मी मूर्ख खूश झाले. दिराने फोटो नेला.

चार महिन्यांनी ती एकटीच धापा टाकत आली. पुढचे दोन दात नव्हते.

"त्यांचं पत्र आलं. गोरी झालीस, दादा लय सांभाळतोय, असं लिवलंय. मला लिवाय येत न्हाई, बाई. पत्रं दीरच लिवतो. त्यो फोटूच माझं पत्र हुतं."

मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तिला तोंड उघडायला लावून फोटो काढला. शाईला हात लावला नाही. मागे लिहिलं, 'पहिला खोटा, हा खरा. फोटोवाली, हळदपेठ, सांगली.' तिने आणलेल्या पाकिटावरून पत्ता उतरवला आणि फोटो टपालात टाकला. इथंच राहा म्हटलं, तर पोर घरी हाय म्हणाली आणि गेली.

पुढे तो जवान मला शोधत आला. बाहीवर रक्त वाळलं होतं.

"आठ दिस झालं, हिरीत घावली. पाय घसरला म्हणत्यात. दादाचं दोनी हात मोडून आलोय." त्याने दोन्ही फोटो पुढे धरले. "ह्यो पैला कुणी केला?"

"मी."

त्याने हात उगारला. मी तोंड बाजूला घेतलं नाही. हात तसाच खाली आला.

"चार म्हयने आदी आलो असतो मी," तो म्हणाला. मग त्याने दात पडलेल्या तोंडाचा फोटो माझ्या हातात दिला. "ह्यो मोठा करून द्या. दादाच्या हातरुणासमोर लावायचा हाय. शाई लावू नगा."