वाऱ्याच्या वरच्या अंगाला

सासुरवाडीला गेल्यावर सासऱ्यांच्या पाया पडायच्या आधी वाऱ्याची दिशा बघणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. अंगणात पाऊल टाकलं की ते खाली वाकतात. सासरे आशीर्वादासाठी हात वर करतात. साडू मात्र चिमूटभर माती उचलून हवेत सोडतात, ती कुठं जाते ते डोळे बारीक करून बघतात आणि तिच्या बरोबर उलट बाजूची खुर्ची धरतात. सासूबाईंनी मिरचीचा ठेचा परतायला घेतला की घरातले सगळे ठसकत, डोळे पुसत बाहेर येतात. साडू वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, निवांत बसलेले असतात. "आत अजून कोणी अडकलंय का?" एवढंच ते विचारतात.

हा माणूस वेडा नव्हे. एका मोठ्या रसायन कारखान्याच्या सुरक्षा विभागात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन हिंगोलीला परतल्यावर त्यांनी गावोगावच्या पोलिसांना, होमगार्डना, अग्निशमनाच्या जवानांना आणि रुग्णवाहिकेच्या चालकांना एकच गोष्ट शिकवायचा वसा घेतला: विषारी किंवा पेटणाऱ्या मालाचा टँकर रस्त्यात आडवा झाला, तर हुकूम कोणी द्यायचा आणि कसा द्यायचा. हे शास्त्र त्यांनी इतकं अंगी भिनवलं होतं की ते अंगातून बाहेर काढायची सोयच उरली नव्हती. मेव्हण्याच्या लग्नात आचाऱ्याच्या कढईतल्या तेलानं पेट घेतला तेव्हा सगळा मांडव ओरडत सुटला. साडू खुर्चीवर चढून गरजले, "इथं कमांडर कोण हाय?" नवरीचे सगळे काका एकदम म्हणाले, "मी!" त्यांची आपसात जुंपली तोवर आचाऱ्यानं कढईवर झाकण टाकून जाळ विझवला आणि पुन्हा जिलबीकडे वळला. साडूंना ते अजून पटलेलं नाही. "विझवलं बराबर," ते म्हणतात, "पण कुणाच्या हुकमानं?"

त्यांच्या शास्त्रात अंगठ्याचा एक नियम आहे. हात लांब करायचा, अंगठा उभा धरायचा आणि एक डोळा मिटायचा. अपघाताची सगळी जागा अंगठ्यामागे झाकली गेली, तर आपण पुरेसे लांब. कडेनं थोडी जरी दिसली, तर अजून मागं सरकायचं. नियम उत्तम आहे, पण आपल्याकडे अंगठा दाखवण्याचे अर्थ फार. एकदा आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात त्यांनी एका धूर सोडणाऱ्या टेम्पोकडे बघून अंगठा धरला, तर एक जीप लिफ्ट मागतायत समजून थांबली आणि टेम्पोवाला अपमान झाला म्हणून खाली उतरला. साडूंनी त्याला शांतपणे सांगितलं, "दादा, तुमी अंगठ्याच्या बाहेर येऊन राहिले." पुढचा अर्धा बाजार मला मधे पडावं लागलं. माझ्या बायकोचा तर पक्का समज आहे, की तिच्या बहिणीला बघायला आले होते तेव्हाही हे दारातूनच मागंमागं सरकत गेले होते आणि घर अंगठ्यामागे झाकेना म्हणून शेवटी नाइलाजानं होकार दिला.

मी गोरेगावला शिक्षक. सुट्टीच्या दिवशी माझ्या मोटरसायकलच्या मागे बसून ते वर्गाला जायचे आणि तिथं पोचल्यावर मला बेशुद्ध पडायला लावायचे. प्रत्येक सरावात एक बेशुद्ध माणूस लागतोच आणि माझ्या चेहऱ्याला ते काम शोभतं असं त्यांचं मत. वसमतच्या एका मंगल कार्यालयातला वर्ग मी विसरणार नाही. रसायन दिसत नाही, पण लागतं कसं हे दाखवायला त्यांनी बाजारातून चांगली पिशवीभर हळद आणली आणि जमिनीवर पडलेल्या माझ्यावर ती ओतली. "हे विष हाय," ते वर्गाला म्हणाले. "आता पाव्हण्याला वाचवा." सगळा वर्ग धावला, चार धट्टेकट्ट्या जवानांनी मला उचललं, बाहेर नेलं, टाळ्या झाल्या, चहा झाला. मग साडूंनी सगळ्यांना उभं केलं. जवानांचे हात पिवळे, गणवेश पिवळे, चहाचे कप पिवळे, नळाची तोटी पिवळी, आणि पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी जांभई देताना तोंडावर हात नेला होता, त्यामुळे त्यांच्या मिशा पिवळ्या. "ज्याला पिवळं लागलं तो मेला," साडूंनी जाहीर केलं. "मेलेल्यांनी हात धुवून जेवायला बसावं." संध्याकाळी मी घरी गेलो तर बायको दारातच आडवी आली. "अंगभर हळद लावून कुठून येऊन राहिले? आन् नवरी कुठं ठेवली?"

त्याच वर्गात राठोडबाई होत्या. पोलिसात हवालदार, जवळच्याच एका तांड्यावरच्या. मला उचलायला धावल्या नाहीत अशा त्या एकट्याच. साडूंनी त्यांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "बाई, तुमी काहून न्हाई धावल्या?" बाई म्हणाल्या, "सर, कुणी जा म्हणलंच न्हाई." साडूंचे डोळे भरून आले. तेव्हापासून ते प्रत्येक वर्गाला बाईंना बोलवायचे, त्यांच्याशी वाद घालायचे आणि हरले की खूश व्हायचे. वारा समजावून सांगताना ते पूर्वी नकाशा काढत. बाईंनी एकदा मधेच म्हटलं, "सर, उफणताना भूस जिकडं जातं तिकडं उभं राहायचं न्हाई, एवढंच ना?" साडूंनी नकाशा गुंडाळला तो पुन्हा उघडला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका साखरपुड्याला निघालो होतो. साडूंनी नवा सफारी घातला होता आणि गळ्यात नेहमीची दुर्बीण होती, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या टँकरच्या पाठीवरची धोक्याची पाटी वाचल्याशिवाय त्यांना प्रवास केल्यासारखं वाटत नाही. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे रस्ता तुंबलेला दिसला. पुढे एक टँकर रस्त्याकडेच्या चारीत कलंडला होता आणि त्यातून पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी वाहत होतं. चालक आधीच बाहेर पडून लांब बसला होता. पण शेतातून, ढाब्यावरून, गावातून माणसं घागरी, कॅन, बादल्या घेऊन पळत येत होती. "दारूचा टँकर पडला, दारूचा!" एका मोटरसायकलवाल्यानं तर डोक्यावरचं शिरस्त्राण काढून भांड्यासारखं हातात धरलं होतं.

साडूंनी दुर्बीण लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मिथेनॉल हाय," ते हळूच म्हणाले. "पिलं की डोळे जातात, मग जीव. आन् पेटलं तर उन्हात जाळ दिसतसुदीक न्हाई."

राठोडबाई तिथं आधीच पोचल्या होत्या. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जीप आडवी लावून, हातात कर्णा घेऊन त्या ओरडत होत्या, "विष हाय, मागं फिरा!" पण फुकटच्या दारूला विष म्हणणारं सरकार लोकांनी पूर्वीही पाहिलं होतं. "बाई, सरकार असंच म्हणतं," एकजण कॅनचं झाकण उघडत म्हणाला. बाईंनी कर्णा खाली केला. मग त्यांनी एका होमगार्डला गावात पिटाळलं आणि थोड्याच वेळात देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला: "बायांनो, तुमचे मालक फुकटची दारू प्यायला चारीत उतरलेत. जीपपाशी या."

कोणत्याही पथकाला एवढी तातडी मी पाहिलेली नाही. पदर खोचून सगळा गाव निघाला. बाईंनी त्यांना जीपच्या ओळीत उभं केलं. "या रेघंच्या पुढं एकीनंबी जायचं न्हाई. हितूनच हाका मारा." आणि मग त्या माळावर जे नामसंकीर्तन झालं! लेकरांच्या नावानं, सासऱ्यांच्या नावानं, गेल्या दिवाळीच्या हिशेबानं हाका गेल्या. चारीतली माणसं एकेक करून घागरी टाकून, माना खाली घालून वर येऊ लागली.

एक म्हातारा तेवढा राहिला. त्याला ऐकू येत नव्हतं. चारीच्या अगदी काठावर उकिडवा बसून तो दिवसाचं श्रमसाफल्य साजरं करण्यासाठी खिशातून विडी काढत होता.

आणि माझे साडू धावले. सबंध आयुष्यभर जगाला "धावू नका" सांगणारा माणूस नव्या सफारीत, पोटावर आपटणारी दुर्बीण घेऊन, खालच्या अंगानं टँकरकडे धावत सुटला.

"सर!" कर्णा कडाडला. "कमांडर कोण हाय?"

साडू जागच्या जागी थांबले. वळले. धापा टाकत म्हणाले, "तुमी, बाई."

"मंग मागं."

ते मागं आले. बाईंनी जीपचे मोठे दिवे म्हाताऱ्याच्या तोंडावर उघडझाप केले. त्यानं त्रासून मान वर केली, तर समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली त्याची बायको. त्याला ऐकू येत नव्हतं, पण ते वाचता येत होतं. विडी कानावर खोचून तो निमूट चालत आला. पुढे अग्निशमनाची गाडी आली, वरच्या अंगानं फेस मारला, आणि संध्याकाळपर्यंत कुणाला ओरखडाही न उठता सगळं निपटलं. प्यायचं धाडस कोणी केलं का म्हणून बाईंनी एकेकाला रुग्णवाहिकेत बसवून तपासायला पाठवलं, तेही बायकांच्या पहाऱ्यात.

साखरपुडा चुकला. साडू ढाब्यावरच्या बाजेवर बसून राहिले. मला वाटलं, शिष्येनं चारचौघांत हाकललं म्हणून मन दुखलं असेल. चहा आला तेव्हा ते म्हणाले, "कारखान्यात वायू सुटला त्या दिवशी माझा दोस्त असाच धावला, पाव्हणे. आमी समदे बघत उभे. मागं ये म्हणणारं कुणी न्हवतं." मग त्यांनी चहा घेतला आणि सफारीच्या बाहीनंच तोंड पुसलं.

आता वर्ग राठोडबाई घेतात. साडूंचे गुडघे दुखतात, पण मी मोटरसायकल काढली की ते मागे बसतातच. परवाच्या सरावात नवीन होमगार्ड आले होते. मैदानाच्या कडेला, गावकऱ्यांच्या घोळक्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या या पांढऱ्या केसांच्या माणसाला त्यातल्या एकानं विचारलं, "बाबा, तुमी कोण?"

"मी? मी गर्दी हाय," साडू म्हणाले.

तेवढ्यात बाईंचा हुकूम आला, "गर्दी मागं सरका!" लोक हसत, रेंगाळत, एकमेकांना ढकलत उभेच राहिले. हुकमासरशी मागं सरकला तो एकच माणूस, आणि त्यानं मागं सरकताना माझाही हात धरला होता.