पहारेकऱ्याचं नाव

दिनूदादाच्या टेबलाशी मी पहिल्यांदा बसले, तेव्हा चहा यायच्या आतच एका दरोडेखोरावर तलवार उगारली. तलवार अर्थातच तोंडी. त्या खेळात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आपण काय करतो ते बोलून दाखवतात आणि लढाईची वेळ आली की फासे टाकतात. मी मोठ्या तोऱ्यात फासे उचलले. दिनूदादाने त्यांच्यावर हात ठेवला.

"त्याचं नाव विचारलं का?"

"दरोडेखोराचं कसलं नाव?"

"विचार तं खरं."

विचारलं. नाव गणपत निघालं. त्याच्या गावाची जमीन खाणीत गेली होती आणि पाठीवरच्या पोत्यात चोरीचं बियाणं होतं. माझा हात काही उठेना. त्या दिवशी मला फार राग आला. करमणूक करायला गेले होते आणि परत येताना शेअर ऑटोत एका खोट्या माणसाची काळजी करत बसले.

दिनूदादा कामठीच्या एका शाळेत इतिहास शिकवायचा. अंगाने काटकुळा, आवाज मात्र असा की गल्लीतली कुत्री उठून बसावीत. लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीच्या, पल्लवीताईच्या घरी वरच्या खोलीत राहायचा. रविवारी दुपारी मी, माझ्या बँकेतला निखिल आणि नागपूरच्या सीताबर्डीला मोबाईल दुरुस्त करणारा फरहान असे तिघं त्या खोलीत जमायचो. कूलर घरघरत असायचा. पल्लवीताई चिवड्याची ताटली आणून ठेवायची आणि "झाले का मरून सारे?" असं विचारून खाली जायची. चांगली कमावती माणसं राक्षसांशी काय बोलत बसतात, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. तिची लेक चिऊ मात्र मामाच्या मांडीवर बसून राक्षसांची बाजू घ्यायची.

दिनूदादाचे राक्षस होतेही बाजू घेण्यासारखे. या खेळाच्या परदेशी पुस्तकांतले बर्फाळ डोंगर त्याने कधीच काढून टाकले होते. त्याच्या राज्यात कन्हानसारखी एक नदी होती, काठाला खाणी होत्या आणि सगळ्यात खोल खाणीत एक अजगर झोपला होता. त्याच्या पाठीवर खाणीचं छत तोललेलं. त्याला मारलं तर आतले मजूर गाडले जाणार, नाही मारलं तर वरचं गाव त्याच्या विषारी श्वासाने खंगत जाणार. आम्ही त्या अजगरापाशी कितीतरी रविवार अडकून पडलो होतो.

असे प्रसंग तो बांधायचा कसे, हे निखिलने एकदा त्याला विचारलं. निखिलला कुठल्याही गोष्टीची पद्धत लागते.

"दोन वाईट गोष्टी समोर ठेवल्या की पेच झाला, असं नाई गा," दिनूदादा म्हणाला. "दोन प्रेमाच्या गोष्टी ठेवाच्या. अन् सांगाचं, हात एकच मोकळा आहे."

त्याचे नियम थोडे होते, पण कडक. फासे फक्त लढाईला. "निर्णयाले फासा नाई," तो म्हणायचा. टेबलाशी बसलेल्या माणसाने काही ठरवलं की ते तो बदलत नसे, मग त्याची स्वतःची सगळी तयारी पाण्यात गेली तरी चालेल. आणि कोणाचंही भलंबुरं करण्याआधी त्याचं नाव विचारायचं. नाव विचारलं की दिनूदादा तो माणूस होऊन बोलायचा, आणि मग त्याला खरंच बोलावं लागायचं. काय हवंय, कशाची भीती वाटते, सगळं. तिथे मात्र त्याने कधी लबाडी केली नाही.

मग त्याचा चेहरा सुजायला लागला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. वडीलही याच दुखण्याने गेलेले, त्यामुळे घरात कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. डायलिसिस सुरू झालं, शाळा सुटली, रविवार तेवढा त्याने सोडला नाही. पाठीशी उशी घेऊन बसायचा आणि आवाज पूर्वीसारखाच लावायचा प्रयत्न करायचा. आम्ही आजाराबद्दल बोलत नव्हतो. त्याला ते आवडत नसे, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही धीर होत नसे.

अशाच एका रविवारी त्याने नवा प्रसंग मांडला. नदीवर पूल आहे. पुलाचा पहारेकरी मरायला टेकलाय. एक बाई आपलं अर्धं आयुष्य त्याला द्यायला तयार आहे. दिलं तर तो जगेल. तुम्ही तिला देऊ देता की अडवता?

"ती तयार आहे नं? मग देऊ द्या," निखिल म्हणाला.

मी सवयीने विचारलं, "तिचं नाव काय?"

दिनूदादाकडे नावं नेहमी तयार असायची. त्या दिवशी तो भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पल्लवी."

पल्लवीताई चिवडा घेऊन दारातच उभी होती. तिने ताटली ठेवली, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा टेबलाशी बसली.

"मी देते," ती म्हणाली.

"तुले खेळता येते का वं?"

"माहं नाव घेतलं नं तू? मंग मी बोलून राहिली. डॉक्टर म्हणाले चालते. माह्या तपासण्या चांगल्या आल्या."

तेव्हा आम्हाला कळलं, की किडनी देण्यावरून घरात हे किती दिवस चाललं होतं.

"आज चांगल्या आल्या," दिनूदादा म्हणाला. आवाज खेळातलाच होता. "हे दुखणं बापापासून आलं. उद्या तिच्या पोरीले लागलं, तं तिची माय कुठून देईल?"

"उद्याचं उद्या पाहू. आज माहा भाऊ मरून राहिला."

फरहान हा आमच्यातला तिसरा रस्ता शोधणारा. अजगराला बोलतं करून बाहेर काढायची कल्पना त्याचीच. तो हळूच म्हणाला, "दादा, टेबलाशी बसलेल्याचा निर्णय तुम्ही बदलत नाही."

"बदलत नाई गा," दिनूदादा म्हणाला. "पण पहारेकरीबी टेबलाशीच बसला आहे. तो नाही म्हणते."

त्याने फासे डबीत भरले आणि आज इथंच थांबू म्हणाला. पल्लवीताई तशीच बसून राहिली.

पुढचे काही आठवडे ती भांडली, रडली, तिने जेवण सोडलं. आम्हीही आपापल्या परीने सांगून पाहिलं. तो चिऊकडे बोट दाखवायचा आणि विषय संपवायचा. मग कसलासा जंतुसंसर्ग झाला, ताप चढला, नागपूरच्या दवाखान्यात नेलं, आणि ज्या दिवशी त्याला जरा बरं वाटतंय असं पल्लवीताईने फोनवर सांगितलं, त्याच संध्याकाळी तो गेला. मला त्याचा अजून राग येतो. त्याचं बरोबर होतं की तिचं, हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवता येऊ नये असाच प्रसंग बांधण्यात त्याचा हातखंडा होता. पण प्रत्येक रविवारी दुपारी पाय कामठीकडे वळायला बघतात, तेव्हा हे सगळं कौतुक मला नकोसं होतं. मला तो माणूस हवा आहे.

दिनूदादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. कुठे बसावं ते न कळून आम्ही तिघं वरच्या खोलीत जाऊन बसलो. कूलर कोणीतरी चालू ठेवला होता. थोड्या वेळाने पल्लवीताई चिवड्याची ताटली घेऊन आली आणि त्या दिवसाच्याच खुर्चीवर बसली.

"तुम्ही साऱ्यायचं नाव विचारता नं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग त्या पहारेकऱ्याचं काहून नाही विचारलं?"

दरोडेखोरांची, चेटकिणींची, त्या अजगराचीसुद्धा नावं आम्ही विचारली होती. जिचं आयुष्य अर्धं होणार होतं, तिचंही विचारलं. ज्याला वाचवायचं त्याचंही विचारायचं असतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. विचारलं असतं, तर नियमाप्रमाणे त्याला खरं बोलावं लागलं असतं. जगायचंय का, एवढं तरी कळलं असतं.

पल्लवीताईने ताटली दिनूदादाच्या रिकाम्या जागेपुढे सरकवली.

"नाव काय गा तुहं?" तिने विचारलं.

आणि आम्ही तिघंही, सवयीने, उत्तराची वाट बघत बसलो.