एक चमचा तेल आणि विटकरी रंग

दोनहाते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते रंगारी. कुठलीही भिंत असो, रंगाचे दोन हात दिल्याशिवाय शिडीवरून उतरायचं नाही हा त्यांचा बाणा. मालक कितीही म्हणाला की अहो, एका हातात सगळं झाकलंय, तरी हे ऐकतील तर शपथ. शेवटी लोकांनी नाव पाडलं दोनहाते, आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा जिन्यातून त्याच नावाने हाक मारायचा. माणूस सरळ, कामाला वाघ, पण हट्टी. आणि त्यांच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती जी बायकोलाही ठाऊक नव्हती. दोनहात्यांना वास येत नसे.

म्हणजे अजिबात नाही. एकदा एका मोठ्या सभागृहाचं काम घेतलं होतं. खिडक्या बंद, आत ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन, आणि हे आठवडेच्या आठवडे छताखाली नाक वर करून. काम संपलं तेव्हा नाकही संपलं होतं, आणि नाकाच्या मागोमाग चव गेली. मीठ जास्त झालं तर कळायचं, मिरची झोंबायची, बाकी सगळा पुठ्ठा. त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, कसं झालंय? हे सवयीने म्हणाले, फक्कड. उद्या सांगू असं त्यांनी ठरवलं. उद्याही फक्कड. असं करता करता वर्षं लोटली, आणि आता कुठल्या तोंडाने सांगायचं? आपल्यापैकी कितीजणांच्या घरात असं काहीबाही सांगायचं राहून गेलेलं असतं, तसंच हे.

मग जेवण चांगलं झालंय हे त्यांना कळायचं कसं? रंगावरून. बायकोच्या हातचा राजम्याचा रस्सा त्यांच्या दृष्टीने या घरातली सर्वांत उत्तम रंगसंगती होती. पक्का विटकरी, आणि वर तेलाची अशी तकाकी की तीत तोंड बघून घ्यावं. ताट समोर आलं की ते आधी डोळे भरून बघायचे आणि मगच घास घ्यायचे. बायकोला वाटायचं, काय हे खवय्ये.

ती तकाकीच पुढे नडली. डॉक्टरांनी रक्ततपासणी केली आणि तेलावर फुली मारली. बायको एकदा चार दिवस बहिणीकडे काय गेली, ह्यांनी रोज कोपऱ्यावरच्या गाडीवरून तळलेले बटाट्याचे काप आणून हाणले. ती परत आली तेव्हा नवरा इस्पितळात, छातीला वायरी. डॉक्टर तिलाच ओरडले, जणू तिनेच गाडी टाकली होती. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला की ह्यांना एकटं सोडायचं नाही.

आणि आता भल्या सकाळी लेकीचा फोन आला. लेक दूरच्या शहरात, पहिलटकरीण, डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केलेली, आणि जावई बोटीवर नोकरीला, तो परत यायला अजून अवकाश. फोनवर लेक म्हणाली, मी ठीक आहे, आई, तू काळजी करू नकोस. पोर असं म्हणाली की आईला बरोबर कळतं. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाच एकच डबा तीनदा पुसला. जायचं तर आहे, आजच्या आज जायचं आहे, पण हा बाबा मागे बटाटे खाऊन मेला तर?

म्हणून तिने अट घातली. राजम्याचा रस्सा करून दाखवायचा. तेल एक चमचा, त्यावर थेंब नाही. आणि झटपट झाला पाहिजे, कारण कामावरून दमून आलेला माणूस दोन तास शेगडीपुढे उभा राहत नाही, तो सरळ गाडीवर जातो. ती लाँड्रीतल्या इस्त्रीच्या कामावरून येईपर्यंत ताट वाढलेलं हवं. तिने ते ताट संपवलं, तर उद्या सकाळच्या बसने ती लेकीकडे. नाही संपवलं, तर लेकीने शेजारीण शोधावी. हे सांगताना तिने तोंड फिरवलं, पण शब्द काही मागे घेतला नाही. लगेच तिने राजमा भिजत घातला, वाटीत एक चमचा तेल मोजून ठेवलं आणि तेलाची बाटली पिशवीत घालून लाँड्रीत घेऊन गेली. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती.

दोनहाते कामावरून लवकर आले. हात घासून धुतले आणि कामाला लागले ते आपल्या पद्धतीने. राजमा कुकरला लावला. शिट्ट्या होईपर्यंत कढईत तेलाचं अस्तर दिलं, त्यावर कांदा टाकला, कांदा चिकटायला लागला तसा पाण्याचा हबका मारत राहिले. टोमॅटो किसून घातले, तिखट, मीठ, हळद. शिजलेल्या राजम्यातले मूठभर दाणे चेचून रश्श्यात कालवले, भिंतीच्या भेगांत लांबीचा लगदा भरतात तसे, आणि रस्सा चांगला अंगाला आला. इथपर्यंत, खरं सांगायचं तर, काहीच चुकलेलं नव्हतं. इथे ते थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण त्यांनी कढईत बघितलं. रंग केशरीकडे झुकत होता. विटकरी नव्हता. आणि तकाकीचं तर नाव नको, सगळं कसं मॅट.

आता नमुना हवा. तो होता शेगडीमागच्या भिंतीवर. गेल्या महिन्यात बायकोच्या कढईतून उडालेला रश्श्याचा एक शिंतोडा तिथे वाळून बसला होता. रंगाऱ्याच्याच घरातली भिंत, तिला कोण हात लावतो. दोनहात्यांनी चष्मा चढवला, कढईतला थेंब बोटावर घेतला आणि शिंतोड्याच्या शेजारी लावला. लांबून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. मग रंग जुळवायला घेतला. काळपटपणा यावा म्हणून कॉफीची पूड घातली. जरा जास्तच बसली, म्हणून दूध. दुधाने रस्सा गुलाबी झाला, एखाद्या नव्या जोडप्याच्या खोलीसारखा. म्हणून पुन्हा तिखट, थोडी हळद, आणखी चिमूटभर कॉफी. आणि तकाकी? फ्रिजमध्ये मुरंब्यासारखा दाट लाल जॅम होता. लाल तर लाल आणि वर चमक. तेल नाही, काही नाही. दोन चमचे जॅम ढवळल्यावर कढईतून जो उजेड फाकला, तो बघून दोनहात्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

तरी खात्री नव्हती. ओला रंग एक दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको. भिंतीवरचा थेंब वाळवून बघायला हवा आणि बायको यायला फार वेळ नव्हता. तळमजल्यावर न्हाव्याचं दुकान होतं. दोनहाते वाटीत थोडा रस्सा घेऊन खाली धावले. एक तर केस वाळवायचं मशीन मागायचं होतं, आणि आलोच आहोत तर चव बघायला एक जीभही हवी होती.

न्हावी अर्धवट दाढी केलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून पुढे आला. त्याने चमचाभर रस्सा तोंडात घातला आणि काही वेळ आरशात स्वतःकडेच बघत राहिला. आता हा माणूस असा की जन्मात त्याने कुणाला वाईट म्हटलेलं नाही. गिऱ्हाईकाचं डोकं उंदराने कुरतडल्यासारखं झालं तरी मागे छोटा आरसा धरून छान म्हणायचं, हाच त्याचा धंदा. त्याने गिळलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "काका, तुम्हाला अगदी शोभतंय. हवं तर मागून जरा कमी करू."

दोनहात्यांना तेवढं पुरे झालं. मशीन घेऊन ते वर आले आणि भिंतीवरचा थेंब वाळवला. थेंब आणि शिंतोडा असे एक झाले की कोणता कुठला ते त्यांचं त्यांनाच ओळखेना. त्यांनी भात केला, ताट पुसून घेतलं, रस्सा वाढला आणि खुर्चीत परीक्षेला बसलेल्या पोरासारखे ताठ बसून राहिले.

बायको आली. वाफेने चेहरा लाल, हात इस्त्रीने भाजलेले, पण नजर आधी ताटावर. रंग बघून ती खरंच चमकली. वाटीत तेल तर चमचाभरच ठेवलं होतं, मग ही तकाकी कुठून आणली? हात धुऊन ती बसली, भात कालवला आणि घास घेतला.

तो घास तिच्या गालात राहिला. आत जात नव्हता आणि बाहेर काढायची तिला लाज वाटत होती. शेवटी तिने पाण्याचा घोट घेऊन तो ढकलला आणि ताट जरा लांब सारलं. नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं की आधी तुम्ही खा.

दोनहात्यांनी आपलं ताट वाढून घेतलं आणि ते जेवायला लागले. एक घास, दुसरा घास, मजेत. मध्येच जिभेला काहीतरी गोडसर शंका आली, पण रंग बरोबर असताना जिभेचं काय ऐकायचं? त्यांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "फक्कड. अगदी तुझ्या हातचं झालंय."

झालं. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, ह्यात काय काय घातलंय. त्यांनी भाबडेपणाने सगळं सांगितलं, कॉफी, दूध, जॅम, काही लपवलं नाही. तिने फ्रिज उघडून जॅमची बाटली बघितली आणि पुन्हा येऊन बसली. म्हणाली, "अहो, खरं सांगा. तुम्हाला कशाचीच चव लागत नाही ना?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. दोनहात्यांनी मान खाली घातली आणि त्या सभागृहापासून सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांना रडू येत होतं आणि बायकोचा संताप चढत होता. काय ती म्हणाली नाही? भाजलेल्या हातांनी मी रोज इथे मरत होते ती कुणासाठी? जिरं तडतडलं की नाही, कांदा नीट परतला की नाही, हे बघत बसायचे ती कुणासाठी? आणि डॉक्टरांनी तेल कमी करा म्हटल्यावरही मी हळूच एक पळी जास्त सोडायचे, ह्यांच्या तोंडची चव जाऊ नये म्हणून. चव होतीच कुठे जायला.

एवढं बोलून ती एकदम थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी फिरलं. तिने विचारलं की मग चव लागत नाही तर ते मेले तळलेले बटाटे कशाला खात होता.

"कुरकुरीत लागतात," दोनहाते ओशाळून म्हणाले. "तेवढं मात्र कळतं. कानात आवाज येतो."

बायको आधी बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती खुर्चीचा हात धरून. म्हणजे ह्या माणसाला तेल नको, मसाला नको, काही नको. उकडलेला राजमा आणि शेजारी चार काकड्या कुरकुर चावायला दिल्या की हा राजा. आणि ही बया इतकी वर्षं त्याच्या जिभेचे लाड करून त्याचं रक्त तुपट करत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

दोनहाते म्हणाले, माफ कर, चुकलंच माझं, सांगायला हवं होतं. आणि तू जा, खरंच जा, मी काकड्या खाऊन राहतो, गाडीकडे ढुंकून बघणार नाही. ते ताट राहू दे, मी संपवतो.

बायकोने ताट पुन्हा पुढे ओढलं. ती म्हणाली, अट मीच घातली होती, ताट संपलं तरच जाणार म्हणून. आता न संपवता गेले तर बसमध्ये मन खात राहील. दोनहाते नको नको म्हणत राहिले, आणि ती खात राहिली. एकेका घासाला डोळे मिटायची, पाणी प्यायची, मान झटकायची, पुन्हा घास. कॉफी लागली की तोंड वाकडं करायची, जॅम लागला की दुसरीकडून वाकडं. त्यांना ते बघवेना. त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, अगं पुरे, आजारी पडशील.

तिने हात सोडवून घेतला आणि ताटातलं शेवटचं शीत पुसून घेतलं. मग म्हणाली, "माझी पोर तिथे एकटी पडून आहे. ह्याहून वाईट असतं तरी गिळलं असतं."

दोनहाते उठले, स्टूल ओढलं आणि कपाटावरची बॅग खाली काढली.