रस्त्यात राहिलेले दगड

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. नंदुरबार शहराबाहेरच्या वसाहतींमधून जाणारा एक वर्दळीचा रस्ता तेव्हा रुंद करायचा होता. आराखडा मंजुरीच्या वाटेवर होता आणि त्या भागाच्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो.

एका तिन्हीसांजेला रस्त्यातल्या दगडांवर मोटारसायकल आदळून एक तरुण दुकानदार जागीच गेला. आम्ही पोचेपर्यंत जमावाने सातपुड्यातल्या एका मजुराला धरून ठेवले होते. गुजरातला कामाला नेणाऱ्या गाडीची वाट पाहत तो कडेच्या मजुरांच्या थांब्यावर बसला होता आणि मृताचा मोबाईल त्याच्या हातात सापडला होता. लुटण्यासाठी यानेच दगड मांडले, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. मृताचा भाऊ त्या मजुराच्या अंगावर धावून आला. त्याचे दुःख खरे होते, म्हणून मी त्याला काही बोललो नाही. पण गुन्हा तसाच चिकटला असता तर मजूर कित्येक वर्षे आत गेला असता, आणि त्याची बाजू मांडायला कोणी आले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आराखडा करणाऱ्या अभियंत्यांचा फोन आला. मजुरांचा थांबाच आराखड्यातून काढून टाकतो म्हणाले, म्हणजे लुटारूंची कटकट मिटेल. काय ती घाई! तपास सुरू होतोय तोवर यांचा निकाल तयार.

मजुराला मराठी तुटक येत होती, तीही भीतीने बंद झाली होती. आमच्या ठाण्यातली धडगावची महिला शिपाई त्याच्याशी त्याच्या पावरी बोलीत बोलली. मोबाईल वाजत होता, घरच्यांना सांगावे म्हणून उचलला, असे तो म्हणाला. दगड आधीपासून होते आणि त्यांत हिरवी फांदी खोचलेली होती, असेही म्हणाला.

फांदीचे नाव ऐकले आणि मी खुर्चीतून उठलो. लुटारू कशाला खूण करून ठेवेल? घटनास्थळी पुन्हा पंचनामा केला. फांदी नालीत पडलेली मिळाली. डांबरावर तेलाचा मोठा डाग होता. समोरच्या चहावाल्याने खबर दिली की उसाने भरलेला एक ट्रॅक्टर आदल्या दिवसापासून तिथेच बंद पडला होता, आणि अपघाताच्या थोडा वेळ आधी दुरुस्त होऊन गेला. आधी का नाही सांगितलेस, तर म्हणे कोणी विचारलेच नाही.

ट्रॅक्टरचालक रनाळ्याकडचा, निर्व्यसनी, कामसू माणूस. मी दगडांचे नावच काढले नाही. गाडी बंद पडली की काय करतोस, एवढेच विचारले. तो मोकळेपणाने सांगू लागला. मागेपुढे मोठे दगड लावतो, फांदी खोचतो, म्हणजे कोणी येऊन आदळू नये.

"आणि निघताना?" मी विचारले.

तो दोन्ही हातांनी डोके धरून म्हणाला, "दगड तठेच ऱ्हाई ग्यात, साहेब. लोकेस्ना जीव वाचाडाकरता ठेवेल व्हतात मी."

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदवला आणि मजुराला सोडले.

पण मी तिथे थांबणार नव्हतो. रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत आराखडा मांडला गेला. मधोमध दुभाजक, दिवे, शोभेची झाडे, सगळे देखणे. मी विचारले, हंगामात ट्रॅक्टर बंद पडला तर उभा कुठे राहणार? अभियंते म्हणाले, तेवढी जागा नाही. मी त्यांना जीपमध्ये घातले आणि भर रहदारीत त्याच ठिकाणी नेऊन उभे केले. उसाची ट्रॉली अंगाला घासून गेली तसे साहेब मागे सरकू लागले, पण सरकायला जागाच नव्हती. पुढच्या बैठकीत जागा सापडली. बंद गाड्यांसाठी कडेला रुंद पट्टा झाला आणि मजुरांसाठी रस्त्यापासून आत शेड. बंद गाडी हलली की गस्तीच्या पोलिसाने खाली उतरून रस्ता मोकळा झाल्याची खात्री करायची, हा आदेश मी स्वतः काढला.

रस्त्यावर कोणी मेले की आपण आधी दुष्ट माणूस शोधायला धावतो. चांगल्या मनाने सुरू केलेले आणि अर्धवट सोडलेले काम तितकेच जिवावर बेतते, हे मला त्या प्रकरणाने शिकवले.

निवृत्तीच्या थोडे आधी त्या शेडसमोर मी गाडी थांबवली. डोंगरातली माणसे पोलिसांची गाडी दिसली की गाठोडी उचलून सरकतात, हे मी नोकरीभर पाहिले होते. तो मजूर बायकोमुलांसह तिथे बसला होता. त्याने मला ओळखले, आणि भाकरी खात तसाच बसून राहिला.