माश्या मीच मारल्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डोंगळ्याचे पडलेले दांडे उभे करणं. डोंगळे म्हणजे बियासाठी फुलवलेला कांदा. आदल्या दिवशी वारा सुटला होता, दांडे आडवे झाले होते. बायको दांडा धरायची, मी सुतळीनं काठीला बांधायचो. पांढऱ्या गोंड्यांवर मधमाश्या अशा घोंगावत होत्या की तिला माझं बोलणं ऐकू जाईना.

"न्हाई ऐकू आलं ते बरं झालं," ती म्हणाली. "शिवीच दिली असंल."

दिलीच होती. तिच्या हातून एक दांडा मोडला होता.

दुपारी भाकरी खाऊन ती आडवी झाली, ती उठलीच नाही. अंधार पडेपर्यंत सगळं उरकलं.

आदल्या साली याच रानात माशी औषधाला नव्हती. का नव्हती ते आम्हा दोघांनाच ठाऊक. माश्या कमी दिसल्या की आमच्याकडं फुलांवर गूळपाणी मारतात, गोडाला माश्या येतात. मी ते मारलं हरभऱ्यावर अळीचं औषध मारलेल्या पंपानं. पंप एकदा खळबळला, म्हटलं बास. माश्या आल्या, गोड खाल्लं आणि सरीत पडल्या. तिनं ओंजळभर माश्या माझ्यापुढं धरल्या. "पंगतीला बोलवून इख घातलंत," एवढंच बोलली. गोंडे पोकळ राहिले. गावात मी सांगितलं, धुक्यानं गेलं. तिनं मला कधी उघडं पाडलं नाही.

पण यंदा फूल दिसल्याबरोबर ती शेजाऱ्याच्या बांधावर गेली. त्याचेही डोंगळेच. "फवारायचं तर दिवस मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर," असं तिनं त्याला बजावलं. तो ऐकत होता, म्हणून माश्या टिकल्या. पुढं उन्हाळ्यात गोंडा चोळला की मूठ काळ्या बियानं भरायची. माझ्या रानानं असं बी कधी दिलं नव्हतं. पण त्याआधी सगळं एका सकाळवर येऊन अडलं होतं.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांनी मला दारात बसवलं. सुतकात रानात जात नाहीत. मला बसवेना. उठलो आणि गेलो. बांधावर शेजारी पाठीला पंप अडकवून उभा. त्याला काल सांजंला फवारायचं होतं, ती सांज आमच्या मयतीत गेली. थ्रिप्स, म्हणजे रस पिणारी बारीक कीड, वाढली म्हणून आता घाईनं निघालेला. ऊन चढत होतं, माश्या फुलांवर उतरत होत्या.

"पंप उतरव बे."

"दादा, घरी जावा. सुतक हाय तुमाला."

"मला हाय. माश्यांना न्हाई. उतरव."

"एका सकाळनं काय होतंय? गेल्या साली तुमचं धुक्यानंच गेलतं की."

मग म्हटलं, मरू दे.

"धुकंबिकं काय नव्हतं. औषधाच्या पंपातनं मीच गूळपाणी मारलं. माश्या मीच मारल्या. तिला ठावं होतं."

तो फस्सकन हसला.

"आन आमी सालभर धुक्याला शिव्या देतोय! लई पक्के हो तुमी."

"लाज वाटत होती."

"मग आता?"

"आता तू पंप उतरव."

त्यानं उतरवला. बाभळीखाली ठेवला आणि म्हणाला, "वैनीचा शब्द हाय. सांजंला मारतो."

दोन्ही रानं माश्यांनी घुमत होती. तिनं धरलेली गोष्ट ती नसतानाही टिकली, या विचारानं माझी मान ताठ झाली. घरी गेलो नाही. ओढ्याच्या कडेनं पुढच्या डोंगळेवाल्याकडं गेलो आणि त्याला हेच सांगितलं. तिसऱ्या रानात पोचायच्या आधी मोबाइलवरनं माझी गोष्ट पोचली होती. तिथला शेतकरी लांबूनच ओरडला, "दादा, न्हाई मारत, सकाळचं न्हाई मारत!"

तरी मी बांध चढलो आणि त्यालाही सगळं माझ्या तोंडानं सांगितलं.