धुळीच्या कणाचा अर्ज

मुंबईच्या एका नावाजलेल्या विद्यापीठाला पाठवलेल्या अर्जात मी स्वतःला मंदबुद्धी म्हणवून घेतलं होतं. तेही स्वतःच्या अक्षरात, इंग्रजीत आणि खाली सही करून. दोष कुणाचा यावर आमच्या घरात पुढं पुष्कळ वर्षं वाद चालला. माझ्या मते दोष वडिलांचा होता. वडिलांच्या मते मुंबईला जायचं खूळ डोक्यात घेणाऱ्याचा.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमची शेती करमाडला, पण शाळेसाठी मी औरंगाबादेत, शहागंजात मावशीकडं राहायचो. सुरुवातीच्या इयत्ता मी उर्दूतून शिकलो. मग निजामाचं राज्य गेलं आणि एका लांबलेल्या सुट्टीनंतर तीच शाळा मराठीत भरली. त्यात इंग्रजीची भर पडली. त्यामुळं मला तीन भाषा येत होत्या आणि एकही धड येत नव्हती.

येत होतं ते रसायनशास्त्र. आमच्या मास्तरांनी एकदा मोरचुदाच्या पाण्यात दोरा सोडून ठेवला होता. दोन आठवडे मी रोज मधल्या सुट्टीत तिथं जाऊन उभा राहायचो. दोऱ्याच्या टोकाला निळा खडा वाढत होता, आणि प्रत्येक बाजू अशी सरळ की कुणी घासून बसवलीय असं वाटावं. कुणी न सांगता तो असाच का वाढतो, हे मला कळायलाच हवं होतं. बाकी कशाची मला फिकीर नव्हती.

मुंबईला हे शिकवतात, पण जागा वीस-पंचवीस आणि अर्ज ढिगानं, असं मास्तर म्हणाले. आमच्याकडची मुलं तेव्हा शिकायला हैदराबादला जायची. मुंबईचं नाव काढल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुपारी कातरायची थांबवली.

"जा म्हनतो मी," ते म्हणाले. "पर नाय मिळालं तर तहसिलीत कारकून व्हायचं. जागा बघून ठिवलीय."

त्या कचेरीत माझा एक चुलतभाऊ आधीच चिकटला होता. सहा महिन्यांत तो घरी जेवतानाही "सदरहू भाजी" म्हणायला लागला होता. मला धडकीच भरली.

अर्जाचा छापील कागद आला. नाव, गाव, मार्क वगैरे भरून झालं. शेवटी एक कोरं पान होतं आणि वर सूचना, की अर्जदारानं स्वतःविषयी लिहावं. मी लिहिलं, मला गणितात आणि रसायनशास्त्रात चांगले मार्क आहेत, स्फटिक कसे वाढतात ते मला शिकायचं आहे. दादांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि कपाळाला हात लावला.

"अर्ज लिवणं तुझं काम नाय. मुन्शीजीचं हाय."

मुन्शीजी कचेरीच्या दारात लिंबाखाली बसणारे अर्जनवीस. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि सरकारला शोभेल अशा उर्दूत उतरवायची, हा त्यांचा धंदा. निजामाच्या काळात दादांनी विहिरीच्या परवानगीसाठी त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला होता आणि पंधरा दिवसांत परवानगी आली होती. तेव्हापासून दादांचा पक्का समज होता, की राज्य कुणाचंही असो, ते मुन्शीजींच्या कलमावर चालतं. पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेरीतली उर्दू गेली, मराठी आली आणि टाइपरायटर आला. लिंबाखाली गिऱ्हाईक येईना. मुन्शीजी मात्र रोज शेरवानी घालून, दौत-कलम मांडून बसत होते.

शेंगांचं गाठोडं आणि मला घेऊन दादा त्यांच्यापुढं जाऊन बसले. मुन्शीजींनी माझा मजकूर ऐकला. मग चष्मा काढून पुसला.

"तौबा, तौबा. अर्ज कधी 'मी'नं सुरू करतात का, बेटा?"

"पण चाचा, स्वतःविषयीच लिहायचंय."

"मग तर बिलकूल नक्को. मी हुशार है बोलके लिहिलं, तर साहेब काय म्हणंल? म्हणंल, हुशार है तो घरी बस, हमारे पास कायको आया?"

दादांनी मान डोलावली. "लई बरोबर बोलले."

"मला पंच्याऐंशी मार्क आहेत, चाचा."

"मार्क शाळेत दाखवायचे. अर्जात अदब दाखवायची."

आणि त्यांनी लिहायला घेतलं. इतके दिवस साठून राहिलेलं सगळं त्या एका कागदावर आलं असावं. सुरुवात 'गरीबपरवर' अशी. मग साहेबांना विद्येचा सूर्य म्हटलेलं. मग त्यांची सावली आम्हां लेकरांवर कायम राहो. त्यानंतर मी आलो. हा नाचीज, अक्कल तोकडी, आपल्या उंबरठ्यावरच्या धुळीचा एक कण. मोरचूद शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. शेवटी, आपल्या मुलाबाळांना उदंड आयुष्य मिळो म्हणून हा सेवक जन्मभर दुआ करत राहील. कागदाकडं बघत राहावं असं अक्षर होतं.

त्याचं इंग्रजी करायचं काम माझ्यावर आलं. मी शाळेची डिक्शनरी घरी आणली आणि तीन दिवस शब्दाला शब्द जोडत बसलो. 'अक्कल तोकडी'साठी तिच्यात तीन शब्द होते. कुठला घ्यावा ते कळेना, म्हणून मी तिन्ही घातले. मला हे सगळं विचित्र वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण मुंबईच्या साहेबांशी कसं बोलतात हे मला कुठं माहीत होतं? मुन्शीजींना निदान साहेब माहीत होते.

महिन्याभरानं मुलाखतीचं पत्र आलं. ते पत्र खिशात घालून दादा सगळ्या करमाडभर हिंडून आले.

मनमाडला गाडी बदलून मुंबईला पोचलो. खोलीत तिघं बसले होते. मधे टक्कल पडलेले मुख्य प्राध्यापक, एका बाजूला एक बाई, आणि दुसऱ्या बाजूला साताऱ्याकडचे वाटणारे एक गृहस्थ. मुख्य प्राध्यापकांच्या हातात माझं पान होतं.

"तुमचे मार्क चांगले आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "पण मार्क चांगले असलेले पुष्कळ आहेत. हे पान लिहिणारा माणूस कसा दिसतो ते बघायला तुम्हाला बोलावलं."

आणि त्यांनी पान मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. विद्येच्या सूर्यापाशी बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. धुळीचा कण आल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. मुलाबाळांच्या उदंड आयुष्यापाशी प्राध्यापक थांबले.

"माझं लग्न झालेलं नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

मग तिघंही खो-खो हसले. माझे कान तापले. आपण तहसिलीत कारकून झालो, हे मला तिथंच स्वच्छ दिसलं.

"तुम्ही खरोखर मंदबुद्धी आहात का?"

"नाय, सर."

"मग खोटं लिहिलंत?"

"नाय, सर."

"हे सांगितलं कुणी तुम्हाला लिहायला?"

सुटायला एवढी वाट बरी होती. एका म्हाताऱ्यानं सांगितलं म्हणायचं, आणि त्यांच्याबरोबर आपणही हसायचं. पण मला लिंबाखालची ती शेरवानी आठवली आणि असा राग आला, की इंग्रजी पार पळून गेलं. मी मराठीतच सुरू झालो.

"सही माझी हाय, सर. आमच्याकडं असाच अर्ज करतात. मागणारा लहान होतो. तो खरंच लहान नसतो, ते देणाऱ्यालाबी माहीत असतं. पर समोरचा एवढा लहान झाल्यावर देणाऱ्याला मोठं व्हावंच लागतं. माझ्या वडलांना अशीच विहीर मिळाली."

साताऱ्याकडच्या गृहस्थांनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. मुख्य प्राध्यापकांनी पानाच्या शेवटाकडं बोट ठेवलं.

"म्हणजे तुम्ही आम्हाला कोंडीत पकडलंय," ते म्हणाले. "ठीक. आता हे शेवटून दुसऱ्या ओळीतलं मोरचूद काय आहे?"

त्यावर मी किती वेळ बोललो ते मला माहीत नाही. मराठी, इंग्रजी, उर्दू, हाताला लागेल ती भाषा वापरली. फळ्यावर दोरासुद्धा काढला. कुणीतरी चहा आणून ठेवला होता, तो तसाच गार झाला.

मला प्रवेश मिळाला. पहिल्याच तासाला मुख्य प्राध्यापकांनी हजेरी घेताना माझं नाव न घेता "धुळीचा कण आलाय का?" असं विचारलं, आणि वसतिगृहात चार वर्षं मला त्याच नावानं ओळखत. मी परीक्षानळी फोडली की मुलं म्हणायची, अक्कल तोकडी आहे, तसं त्यानं लिहूनच दिलंय.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा मुन्शीजी जालन्याला लेकीकडं गेले होते. त्यामुळं ते भेटले थेट दिवाळीच्या सुट्टीत. लिंबाखाली नव्हते. शहागंजात एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसून डब्यांवर नावं लिहीत होते. हळद, जिरं, शहाजिरं. शेरवानी तीच होती. मला फार वाईट वाटलं. काय सांगायचं ते मी मनमाडपासून घोकत आलो होतो, की साहेब खूष झाले, असं लिखाण पाहिलं नाही म्हणाले.

"मिली जगा?" त्यांनी विचारलं.

"मिळाली, चाचा. तुमच्या अर्जामुळंच बोलावलं."

"पढा क्या उनो?"

"वाचला. तिघांनी."

"पूरा?"

"पूर्ण. मोठ्यानं वाचला, अगदी शेवटपर्यंत."

त्यांनी कलम खाली ठेवलं. "चालीस साल लिखा, बेटा. साहेब लोगां मोहर देखते, टिकट देखते, नीचे दस्तखत देखते. पूरा कबी किसीने नै पढा."

मग ते हळूच पुढं वाकले. "हँसे क्या?"

घोकलेलं सगळं माझ्या तोंडाशी होतं. पण त्यांच्या डोळ्यांकडं बघून खोटं बोलवेना. "हसले, चाचा. लई हसले."

मुन्शीजींचे खांदे हलायला लागले. ते रडतायत असं वाटून मी घाबरलो. बघतो तर म्हाताऱ्याला हसू आवरत नव्हतं. शेरवानीच्या बाहीनं डोळे पुसत ते म्हणाले,

"मैं बी हँसता था, बेटा, लिखते वखत. चालीस साल. अकेलाच."